वारसा जपायचा तर भाडेपट्ट्यावर सही होण्याआधीच

प्रश्न: आमचा विभाग सरकारी जमीन सौर, पवन आणि वायू प्रकल्पांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर देतो. कंपन्या म्हणतात, ‘बांधकाम सुरू करण्याआधी आम्ही आमचे पुरातत्त्वज्ञ आणून पाहणी करू, काही सापडलं तर काम थांबवू.’ एवढं पुरेसं आहे का? भाडेपट्टा देण्याआधी आम्ही काय करावं आणि करारात काय लिहून घ्यावं?

उत्तर: पुरेसं नाही. कंपनीचा हेतू चांगला असला तरी नाही. ती पाहणी करायला येईल तोवर ‘इथे प्रकल्प नकोच’ असं म्हणायचा तुमचा अधिकार संपलेला असेल. सही झाली की कंपनीला जमिनीवर हक्क मिळतो. त्या हक्काच्या भरवशावर ती कर्ज उचलते, यंत्रसामग्रीची मागणी नोंदवते, वीजविक्रीचे करार करते. मग वारशाबद्दलची सगळी चर्चा खांब इकडे सरकवायचा की तिकडे, रस्ता वीस मीटर वळवायचा की पन्नास, एवढ्यावर येऊन थांबते. प्रकल्पांमुळे वारसास्थळांवर काय परिणाम होईल याचं मूल्यांकन मी बरीच वर्षं करतो आहे. माझ्यापर्यंत येणारी बहुतेक प्रकरणं उशिरा येतात, म्हणून या उत्तरात माझा भर सहीच्या आधीच्या काळावर आहे.

उशिराची किंमत पाहायची असेल तर अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली बॅजर-टू मेडिसिन ही डोंगराळ वनभूमी पाहा. ब्लॅकफीट या मूलनिवासी लोकांच्या सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथा या डोंगरांशी जोडलेल्या आहेत आणि उपवास-प्रार्थनेसाठी ते आजही तिथे जातात. १९८२ साली सरकारने तिथले ६,२४७ एकर एका तेल-वायूच्या भाडेपट्ट्यात दिले. पुढे, २००२ मध्ये, या प्रदेशाचा मोठा भाग परंपरागत सांस्कृतिक क्षेत्र म्हणून ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी पात्र ठरला. म्हणजे जे आधी शोधायला हवं होतं ते वीस वर्षांनी कागदावर आलं. २०१६ मध्ये सरकारने भाडेपट्टा रद्द केला, तेव्हा कंपनीने त्याला न्यायालयात आव्हान दिलं. निकाल कधी या बाजूने, कधी त्या बाजूने लागत राहिले आणि अखेर २०२३ मध्ये तडजोड होऊन तो भाडेपट्टा कायमचा संपला. एकही विहीर न खोदता चार दशकं गेली. त्यातही हे प्रकरण चांगल्या शेवटाचं म्हणायचं.

तुमच्या विभागात भाडेपट्ट्यासाठी जमिनींची यादी तयार होते तेव्हा त्यात कोणत्या जमिनी येतात? ज्यांच्यावर कुणाचा दावा नाही, शेती नाही, वस्ती नाही, कागदावर ज्या पडीक आहेत. माझ्या अनुभवात वारशाचं सगळ्यात मोठं नुकसान या पहिल्या गाळणीतच होतं. राजस्थानातली ओरणं घ्या. देवाच्या नावाने राखलेली ही सामाईक रानं. तिथे झाडावर कुऱ्हाड चालत नाही, गुरं चरतात, जुने पाणवठे आणि देवस्थानं असतात. महसुली दप्तरात यांतल्या पुष्कळ जमिनी पडीक म्हणून नोंदल्या गेल्या, त्यामुळे जैसलमेरच्या बाजूला सौर आणि पवन प्रकल्पांसाठी जमीन शोधताना त्या सहज हाताशी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांचं सर्वेक्षण आणि नकाशांकन करून त्यांना वनाचं संरक्षण द्यायला सांगितलं. शेकडो वर्षं गावाने जे जपलं ते सरकारी नकाशावर येण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

तेव्हा ‘आमच्या नोंदींत या जमिनीवर एकही वारसास्थळ नाही’ असं उत्तर आलं तर लगेच पुढचा प्रश्न विचारा: या जमिनीवर आजवर कुणी पाहणी केली आहे का? अमेरिकेत केंद्र सरकारचा भूव्यवस्थापन विभाग सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन सांभाळतो. १९६६ पासून तिथे वारसा संरक्षणाचा कडक कायदा आहे. तरीही या जमिनीपैकी प्रत्यक्ष चालून तपासलेली जमीन दहा टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेल्या जमिनीवर नोंद नाही याचा अर्थ एवढाच की तिथे कुणी गेलेलं नाही. प्रत्येक भाडेपट्ट्याच्या फाईलमध्ये किती क्षेत्र तपासलं गेलं, कोणत्या साली आणि कोणत्या पद्धतीने, हे तीन रकाने सक्तीचे करा. या साध्या गोष्टीने निम्मी फसगत टळते, कारण कोरा नकाशा आणि तपासून मोकळा निघालेला नकाशा यांतला फरक सही करणाऱ्या अधिकाऱ्याला समोर दिसतो.

प्रत्यक्ष पाहणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण कंपनीच्या अहवालात ‘पाहणी केली’ या दोन शब्दांत काहीही दडू शकतं. नीट पाहणी म्हणजे माणसं साधारण पंधरा मीटर अंतराने एका ओळीत उभी राहतात आणि जमिनीवर नजर ठेवून समांतर चालत जातात. दिसतं ते फारच किरकोळ असतं: गारगोटीच्या कपच्या, आगीत तडकलेले गोटे, एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला दळणाचा दगड. सवय नसलेला माणूस यावरून तसाच चालत जाईल. वाळवंटात तर याहून नाजूक गोष्टी असतात. कॅलिफोर्नियात ब्लाइथ गावाजवळ जमिनीवर माणसांच्या आणि प्राण्यांच्या प्रचंड आकृत्या आहेत. सर्वांत मोठी जवळजवळ ५२ मीटर लांब आहे. तिथल्या वाळवंटाच्या पृष्ठभागावर काळपट झालेल्या खड्यांचा दाट थर असतो. तो खरवडून बाजूला केला की खालची फिकट माती उघडी पडते, आणि त्या फिकट रेषांनीच या आकृत्या काढल्या आहेत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वरून जाणाऱ्या एका वैमानिकाला त्या दिसल्या, तोवर बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ताच नव्हता. अशा जमिनीवरून एक गाडी गेली तरी चाकाचे ओरखडे अनेक दशकं पुसले जात नाहीत. याच प्रकारची सपाट, भरपूर उन्हाची जमीन सौर प्रकल्पांना सगळ्यात जास्त आवडते, आणि तिथलं पहिलं काम असतं बुलडोझरने सपाटीकरण.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जमिनीखालचे अवशेष न खणता शोधायची एक चांगली पद्धत म्हणजे चुंबकीय मापन. पण एकदा जमिनीत लोखंडी खांब ठोकले की ते मापन त्या जागी निकामी होतं, कारण लोखंडापुढे मातीतले बारीक फरक दिसेनासे होतात. ‘नंतर पाहू’ असं म्हणणाऱ्याला नंतर पाहताच येत नाही.

आता वारसास्थळ नकाशावर एका ठिपक्याने दाखवायच्या सवयीकडे येतो. न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनमध्ये साधारण इ.स. ८५० ते १२५० या काळात प्युब्लो या मूलनिवासी लोकांच्या पूर्वजांनी शेकडो खोल्यांची दगडी महागृहं बांधली. १९८७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. उद्यानाची हद्द मुख्यतः दरीभोवती आखलेली आहे, पण दरीतून निघणारे प्राचीन रस्ते ती हद्द ओलांडून दूरवर जातात. काही ठिकाणी ते नऊ मीटर रुंद आहेत. वाटेत कडा आला तरी वळसा न घेता खडकात पायऱ्या खोदून ते सरळ चढतात. उत्तरेकडे जाणारा मोठा रस्ता पन्नास किलोमीटरच्या घरात आहे. जमिनीवर उभं राहून पाहिलं तर दिसतो तो फक्त एक किंचित खोलगट पट्टा, कडेला जेमतेम उंचवटा आणि त्यावर वाढलेली झुडपं. उन्हं कलली की त्या उंचवट्याची सावली पडते आणि तेवढ्यापुरता रस्ता उठून दिसतो. विमानातून लेझरने घेतलेल्या उंचीच्या नकाशात तो स्वच्छ येतो. अशा रस्त्यावर कुणी ‘स्थळ’ म्हणून एक ठिपका ठेवला आणि भोवती शंभर मीटर जागा राखली, तर उरलेला रस्ता विहिरींचे चौथरे, नळवाहिन्या आणि मालट्रकांच्या वाटा यांनी तुकड्यातुकड्याने कापला जातो. एकेका विहिरीच्या अर्जावर ‘परिणाम नगण्य’ असं लिहिलेलं असतं आणि त्या अर्जापुरतं ते खरंही असतं. पूर्ण प्रदेशाचा हिशोब भाडेपट्टा देण्याआधीच्या नियोजनातच मांडता येतो, एकेका अर्जावर तो कधीच मांडला जात नाही.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत कामकाज खात्याने (केंद्राच्या जमिनी याच खात्याकडे असतात) चाकोभोवतीच्या सुमारे दहा मैलांच्या पट्ट्यातली केंद्र सरकारची साधारण ३,३६,००० एकर जमीन वीस वर्षांसाठी नव्या तेल-वायू भाडेपट्ट्यांतून वगळली. या आदेशाने जुने भाडेपट्टे मात्र तसेच राहिले. आधी दिलेला हक्क असा सहज परत घेता येत नाही, म्हणून मी पुन्हा पुन्हा सहीवर येतो.

चाकोतली दुसरी बाजूही तुम्हाला माहीत असायला हवी. प्युब्लो समाजांनी या संरक्षणासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला. त्याच परिसरात जमिनीचे खासगी वाटे असलेल्या, नवाजो या दुसऱ्या मूलनिवासी समाजातल्या अनेक कुटुंबांना वायूच्या स्वामित्वधनातून उत्पन्न मिळतं. भोवतालची सरकारी जमीन बंद झाली तर आपल्या वाट्यात विहीर काढायला कुणी येणार नाही, अशी त्यांची भीती. नवाजो नेशनच्या, म्हणजे नवाजोंच्या स्वशासनाच्या, परिषदेने आधी पाच मैलांच्या पट्ट्याला दिलेला पाठिंबा २०२३ मध्ये मागे घेतला. दोन्ही बाजूंचे लोक तिथलेच, दोघांचंही त्या भूमीशी नातं आहे. ‘स्थानिक समाजाची संमती घेतली’ असं वाक्य अहवालात वाचलं की मी विचारतो, कोणत्या स्थानिकांची? कुणाचं उत्पन्न बुडतं आणि त्याची भरपाई कोण करणार, हा प्रश्न वारशाच्या चर्चेबाहेर ठेवला तर संरक्षणाचा निर्णय पहिल्या राजकीय धक्क्याला कोसळतो. ती भरपाई आधीच ठरवणं माझ्या मते सर्वेक्षणाइतकंच महत्त्वाचं आहे.

लोकांशी बोलणं म्हणजे काय, यावर २०१० चा एक निकाल जरूर लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल काउंटीत केंद्र सरकारच्या सुमारे ६,३६० एकर जमिनीवर ७०९ मेगावॉटचा सौर प्रकल्प मंजूर झाला होता. पाहणीत ४५९ सांस्कृतिक स्थळं नोंदली गेली होती आणि त्या जमिनीतून प्राचीन पायवाटाही जात होत्या. क्वेचान जमात न्यायालयात गेली. सरकारने आपण किती पत्रं पाठवली, किती बैठका बोलावल्या, याची लांबलचक यादी सादर केली. न्यायाधीशांनी ती तपासली आणि विचारलं की यातून खरी सल्लामसलत झाली का. संपर्क किती वेळा केला यावरून सल्लामसलतीचं वजन ठरत नाही, असं म्हणत त्यांनी डिसेंबर २०१० मध्ये प्रकल्पाला मनाई केली. तो प्रकल्प पुढे मूळ स्वरूपात कधीच उभा राहिला नाही. घाईने मंजुरी देऊन सौरऊर्जेचाही तोटाच झाला.

म्हणून सल्लामसलत आराखडा ठरायच्या आधी करा. जाणकार मंडळींना घेऊन जमिनीवर जा, सभागृहात नकाशा दाखवून काम भागत नाही. वयस्क माणसं चालता चालता सांगतात: इथून वाट जाते, इथे थांबायचं असतं, त्या डोंगराकडे तोंड करून बसायचं असतं. हे नकाशासमोर बसून आठवत नाही. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. तुमच्या पुरातत्त्वज्ञाला मिळतात तसे. आणि त्यांनी एखादी जागा नेमकी कुठे आहे हे सांगायला नकार दिला तर तो नकार मान्य करा. पवित्र जागा जाहीर झाली की लुटारू येतात, हौशे येतात. अमेरिकेच्या कायद्यात अशा स्थळांची माहिती गुप्त ठेवायची तरतूद आहे. तुमच्या कायद्यात नसेल तर निदान फाईलमध्ये स्थळाभोवतीचा मोठा भाग ‘वगळलेलं क्षेत्र’ म्हणून दाखवा, कारण लिहू नका, आणि नेमका बिंदू माहितीच्या अर्जावर बाहेर जाणार नाही याची व्यवस्था करा.

काही वारसा दगडामातीत नसतोच. नॉर्वेतल्या फोसेन द्वीपकल्पावर दोन मोठे पवनऊर्जा प्रकल्प सामी या मूलनिवासी लोकांच्या रेनडिअर चराईच्या हिवाळी कुरणांवर उभे राहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परवाने अवैध ठरवले, कारण रेनडिअर पाळणं ही सामींची संस्कृती आहे आणि ती जगण्याचा त्यांचा आंतरराष्ट्रीय करारातला हक्क डावलला गेला होता. निकाल लागला तेव्हा १५१ पवनचक्क्या उभ्या होत्या. त्या आजही फिरताहेत, आणि वाद तडजोडीच्या करारांवर मिटवावा लागला. न्याय मिळाला, कुरणं मिळाली नाहीत.

ऊर्जा प्रकल्प नकोत असं मी म्हणत नाही. हवामानबदलाने किनाऱ्यावरची आणि नदीकाठची असंख्य वारसास्थळं धोक्यात आहेत, हे मी कामात रोज पाहतो. आधी तपासून ठेवलेली जमीन कंपनीलाही हवी असते. अमेरिकेत २०१२ मध्ये सहा राज्यांत १७ सौरक्षेत्रं आधी निवडून, त्यांचा एकत्रित अभ्यास करून जाहीर केली गेली, तेव्हा संवेदनशील जमिनी आराखड्यातच बाजूला काढल्या होत्या. तुमचा विभाग असं करू शकतो. लिलावात काढायच्या जमिनीचा नोंदींचा अभ्यास, काही भागाची नमुना पाहणी आणि पहिली सल्लामसलत सरकारी खर्चाने करा आणि तो खर्च लिलावाच्या शुल्कातून वसूल करा. पाहणी करणारा तज्ज्ञ कंपनीने नेमू नये, तुम्ही नेमा. पैसे देणाऱ्याच्या वेळापत्रकाचा दबाव चांगल्या तज्ज्ञावरही येतो.

आता करार. पहिलं कलम: भाडेपट्टा मिळाला म्हणजे प्रत्येक बांधकामाला परवानगी मिळाली असं नाही. वारशावरचा परिणाम टाळता, कमी करता किंवा भरून काढता येत नसेल तर परवानगी नाकारायचा अधिकार सरकारकडे राहील, आणि त्याबद्दल नुकसानभरपाई मागता येणार नाही. हे वाक्य लिलावाच्या जाहिरातीतच असायला हवं, म्हणजे बोली लावणारा ते धरूनच बोली लावेल. तेल-वायूच्या बाबतीत ‘पृष्ठभागावर काहीही उभारायचं नाही’ ही अट घालून भाडेपट्टा देता येतो. आडव्या खोदाईने विहीर दूरवरून त्या जमिनीखाली पोहोचते. सौर प्रकल्पाला अशी सोय नाही, तो जमीन पूर्ण व्यापतो. पण पुरलेले अवशेष असलेल्या ठिकाणी खांब न ठोकता काँक्रीटच्या वजनी ठोकळ्यांवर सौर पॅनेल उभे करता येतात आणि तारा जमिनीवरून नेता येतात. इंग्लंडमध्ये हे केलं जातं. करारात आधी लिहिलं नसेल तर मात्र जादा खर्च म्हणून कंपनी ते टाळते.

दुसरं, नवी माहिती मिळाल्यावर फेरविचाराचं कलम. ते नसलं की काय होतं ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जूकन गॉर्जला घडलं. लोहखनिजाच्या खाणीसाठी २०१३ मध्ये तिथल्या शैलाश्रयांना हानी पोहोचवायची कायदेशीर संमती मिळाली. २०१४ मध्ये बचाव-उत्खनन झालं तेव्हा चार हजार वर्षांपूर्वीचा विणलेल्या केसांचा पट्टा सापडला, आणि तिथला मानवी वावर ४६,००० वर्षांमागे जातो हे स्पष्ट झालं. पण दिलेली संमती नव्या माहितीवर पुन्हा तपासायची सोय कायद्यातच नव्हती. मे २०२० मध्ये स्फोट झाले आणि ते शैलाश्रय उद्ध्वस्त झाले.

तिसरं, भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेरचं नुकसान. युटातल्या नाइन माइल कॅन्यनमध्ये हजारो शैलचित्रं आहेत. वायूच्या विहिरी वर पठारावर होत्या. त्रास झाला तो दरीतल्या कच्च्या रस्त्यावरून जाणाऱ्या मालट्रकांचा. धूळ चित्रांवर बसू लागली, धूळ दाबायला मारलेलं मॅग्नेशियम क्लोराइडही खडकांसाठी चिंतेचं ठरलं. २०१० मध्ये सगळ्या पक्षांचा करार झाला आणि पुढे रस्त्याचं डांबरीकरण झालं. तुमच्या करारात वाहतुकीचा मार्ग, धूळ, कंपनं, रात्रीचे दिवे आणि कुंपणामुळे तुटणाऱ्या पायवाटा यांचा उल्लेख नावानिशी करा. जत्रेची, दर्शनाची, चराईची वाट कुंपणात गेली तर दरवाजा कुठे असेल आणि किल्ली कुणाकडे असेल, इतकं बारीक लिहा.

शेवटचं म्हणजे मुदतवाढ. तुमच्याकडे आज जुने, काहीही न तपासता दिलेले भाडेपट्टे असतीलच. त्यांची मुदत संपेल तेव्हा ‘पुढे चालू’ असा शेरा मारू नका. उत्तर कॅलिफोर्नियातल्या मेडिसिन लेक या पिट रिव्हर जमातीच्या पवित्र प्रदेशात १९८८ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे भाडेपट्टे दिले गेले आणि १९९८ मध्ये नव्याने तपासणी न करता पाच वर्षांसाठी वाढवले गेले. २००६ मध्ये अपील न्यायालयाने ती मुदतवाढच बेकायदा ठरवली. ‘पुढे चालू’चा शेरा हा नवा निर्णय आहे, आणि त्याआधी पाहणी आणि सल्लामसलत व्हायलाच हवी होती. येत्या पाच वर्षांत मुदत संपणाऱ्या तुमच्या भाडेपट्ट्यांची यादी आजच काढा आणि ज्यांवर अजून काम सुरू झालेलं नाही त्यांच्यापासून तपासणी सुरू करा. तिथे ‘नको’ म्हणणं अजून शक्य आहे.